बॅटला तेल लावा, पण स्टुलावर चढू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्याच वाक्याला 'बरं, ठेवतो' म्हणाले असते, म्हणून लिहितोय. यंदा मी सर्व्हिसेसच्या, म्हणजे फौजेच्या क्रिकेट टीमच्या, कॅम्पला जाणार नाही. युनिटमध्ये परत चाललोय, जवानांची कंपनी घेऊन फील्ड पोस्टिंगला. आणि हे काल ठरलेलं नाही. दिवाळीत घरी होतो तेव्हाच होकार कळवून टाकला होता. त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत पेपर पसरून माझ्या बॅटला जवसाचं तेल चोळत बसले होते. सांगायचं म्हणून मी दोनदा बाहेर आलो, आणि दोन्ही वेळा 'चहा टाकू का' विचारून आत गेलो.

बाबा, आता तुम्ही हेमू अधिकारींचं नाव काढणार. काढाच. पुण्यात जन्मलेला, फौजेत लेफ्टनंट कर्नल झालेला माणूस भारताचा कप्तानही होतो, हे ऐकतच मी वाढलो. 1952, दिल्ली, समोर पाकिस्तान, नाबाद 81. गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटला 109 ची भागीदारी. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ होतं. मग 1959. वेस्ट इंडीजने आपल्याला पार धुतलेलं, एकाच मालिकेत तीन कप्तान होऊन गेलेले, आणि चौथे म्हणून एकोणचाळिशीतले अधिकारी. दिल्लीत 63 आणि 40, वर तीन विकेट, मॅच ड्रॉ. 'तू तर अजून तिशीचाही नाहीस' हे तुमचं पुढचं वाक्य.

पण तुम्ही ती गोष्ट नेहमी तिथेच थांबवता. तीच त्यांची शेवटची टेस्ट होती. 1947 ते 1959 या बारा वर्षांत टेस्ट 21, कारण नोकरीमुळे कित्येकदा खेळताच आलं नाही. तुम्ही त्या 21 मोजता, मला हल्ली मधली रिकामी वर्षं दिसतात. माझं उलटं झालंय. तीन सीझन मी दिल्लीत सर्व्हिसेसच्या पालमच्या मैदानावर, आणि माझ्या बरोबरीचे कंपनी सांभाळून परतलेसुद्धा. जवान मला 'क्रिकेटवाले साहब' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण लागतं. शिवाय गेल्या सीझनला निम्मा वेळ मी पाणीच नेत होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आपण त्यावर बोलत नाही एवढंच. तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं हो. हात माझेच तेवढे.

आई, थंडीचं मनात आणू नकोस. खोलीत बुखारी, म्हणजे शेगडी, असते, झोपायची बॅग इतकी गरम की पहाटे पाय बाहेर काढावे लागतात. लंगरच्या रोट्या जाड असतात, पण तुझी लसणाची चटणी असली की खपतात. दोन डबे पाठव, एक माझ्यापर्यंत पोचत नाही. जागेचं नाव लिहिता येणार नाही. फोन लागतो, रोज नाही. लागला नाही तर बातम्या लावून बसायचं नाही.

काल सामान बांधताना पार्किंगची भिंत आठवली. ओला टेनिस बॉल, पन्नास कॅच झाल्याशिवाय दूध नाही. 'एकाहत्तरला इंग्लंडमध्ये मॅनेजर अधिकारींनी पोरांना असंच पळवलं, म्हणून ओव्हलची टेस्ट जिंकली,' असं म्हणत तुम्ही बॉल मारायचात. रात्री त्या मॅचमधल्या चंद्रशेखरच्या सहा विकेट एकेक करून सांगायचात. चौथ्या विकेटपर्यंत मी झोपलेला असायचो. आबिद अलीचा विजयी चौकार मी किती तरी वर्षं ऐकलाच नव्हता.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी. 'घेतो रे' चालणार नाही, आई मला रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवेल. हृदयाची इको तपासणी या महिन्यातच करून घ्या, अपॉइंटमेंट ताईने घेतली आहे. रात्री दोनपर्यंत मॅच बघणं बंद. स्कोअर सकाळीही तोच असतो. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

युनिटमध्ये मॅटिंगची, म्हणजे चटई अंथरलेली, विकेट आहे म्हणे, रविवारी खेळतात. म्हणून बॅट माळ्यावर टाकू नका, तेल लावत राहा. किट बॅग तेवढी वर जाऊ दे, पण ती ताईचा नवरा चढवेल. बाबा, तुम्ही खालूनच सूचना द्या.

तुमचा,
बाळ्या