कॅम्परव्हॅन हौसेने घेताय, मग तिची निगाही शिकून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅम्परव्हॅनमधून फिरणाऱ्या कुटुंबांवर छान लेख आला होता, फोटोही मस्त होते, आमच्याकडे सगळ्यांनी वाचला. पण त्यात एक गोष्ट नव्हती आणि ती कुठल्याच लेखात नसते, ती म्हणजे गाडी एकदा दारात आली की पुढे तिचं करायचं काय. आम्ही दोघं नवराबायको रिटायर झाल्यापासून ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली मोटरहोम वापरतो, कोकण गोवा कर्नाटक असं फिरणं चालू असतं, आणि गाडीची देखभाल बरीचशी मीच बघते. त्यामुळे नव्याने गाडी घेणाऱ्यांचे फोन येतात आणि प्रत्येक वेळी हेच दिसतं की सनमायका कुठला, लाईट कुठले, टीव्ही केवढा यावर महिनोन् महिने चर्चा झालेली असते आणि छत, वायरिंग, वजन, ब्रेक याबद्दल बॉडीवाल्याला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नसतो. ही गाडी फिरताना जितकी खराब होते त्याहून जास्त ती उभी राहून खराब होते, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी छताचं सांगते कारण आपल्याकडचा पाऊस. छताला जिथे जिथे भोक पाडलंय, म्हणजे स्कायलाईट, एसी, सोलर पॅनलचे नटबोल्ट, वायर आत घेतलीय ती जागा, तिथून आज ना उद्या पाणी येणार असं धरूनच चालायचं. गाडी हादरते, उन्हात पत्रा तापतो, रात्री गार होतो, त्यात सीलंटला बारीक चिरा पडतात. आणि पाणी जिथून शिरतं तिथे दिसत नाही, ते पत्रा आणि प्लायच्या मधून वाहत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात, बहुतेक वेळा कपाटाच्या मागे, बाहेर येतं. तोपर्यंत आतला प्लाय कुजलेला असतो. म्हणून पावसाळ्याआधी घर शाकारतात तसं मे महिन्यात छतावर चढून एकेक सांधा बघायचा. आतून तपासायची पद्धत अगदी सोपी आहे, स्कायलाईटच्या चौकटीभोवती अंगठ्याने दाबत दाबत जायचं, चांगला प्लाय दगडासारखा लागतो, ओल धरलेला असेल तर अंगठा किंचित आत जातो, सनमायक्याखाली पोकळ आवाज येतो आणि कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसते. ती रेघ दिसली की पुसायची नाही, पेन्सिलीने तिच्या कडेने खूण करायची आणि पुढच्या पावसानंतर रेघ खुणेबाहेर सरकली का बघायचं. सरकली तर गळती चालू आहे.

आणि कृपा करून तिथे बाथरूमचा साधा सिलिकॉन फासू नका. गॅरेजवाले बिनधास्त फासतात कारण स्वस्त पडतो, पण एकदा सिलिकॉन लागला की पुढे त्यावर दुसरं काहीही नीट चिकटत नाही आणि सगळा खरवडून काढताना जीव जातो. जुना सीलंट पूर्ण काढायचा, जागा स्पिरिटने पुसायची, चौकटीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, आणि वरून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेच टाळलं की नंतर सगळं फर्निचर उचकटायची वेळ येते, आणि फर्निचर बसवायचा खर्च काय असतो ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

गाडी पावसाळाभर उभीच राहणार असेल तर वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते आणि गाद्यांना बुरशी येते. शेड असेल तर उत्तम. नसेल तर गाद्या उभ्या करून ठेवायच्या, कपाटांची दारं आणि फ्रीजचं दार उघडं ठेवायचं, आणि पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या दिवशी सगळ्या खिडक्या उघडून गाडी नुसती जागेवर घुरघुर न करता वीस पंचवीस किलोमीटर व्यवस्थित पळवून आणायची. बीएस सिक्स डिझेल गाड्यांना हे फारच गरजेचं आहे, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी जागेवर चालू करून बंद करत राहिलं की त्यात काजळी साठत जाते, ती जळायला गाडी रस्त्यावर गरम व्हावी लागते. उभी करताना हॅन्डब्रेक महिनोन् महिने ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. शिवाय उंदीर! बिस्किटाचा एक पुडा आत राहिला की संपलं, वायर कुरतडतात आणि मग कुठला लाईट का लागत नाही ते शोधण्यात आठवडा जातो. पाईप आणि वायर जिथून आत येतात त्या फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून ठेवली तर बराच फरक पडतो.

आता वायरिंग, आणि हे मी सगळ्यात कळकळीने लिहितेय. बारा व्होल्ट म्हणजे काय होतंय, शॉक तर बसत नाही, असं लोकांना वाटतं. पण व्होल्ट कमी म्हणजे त्याच कामाला करंट जास्त लागतो. 1500 वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली तर बॅटरीकडून जवळपास 140 अँपियर खेचले जातात. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरून हा आकडा आहे. एवढ्या करंटला घरातल्या फिटिंगची वायर चालत नाही, चांगली जाड तांब्याची केबल लागते, तिचे थिंबल, म्हणजे टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या, नीट दाबून बसवलेले लागतात आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज लागतो. मागे देवगडला एका ओळखीच्यांच्या गाडीत इन्व्हर्टर मधेच बंद पडतो म्हणून सीटखालचा खण उघडून बघितला, तर बॅटरीच्या नटाला थिंबल बोटाने हलत होतं, केबलचं लाल आवरण तिथून चार बोटं पार काळपट तपकिरी होऊन चिरलं होतं आणि त्याला लागूनच चादरी घड्या घालून ठेवलेल्या. फ्यूज नव्हताच. जळालं कसं नाही हेच नवल. काम करणारा माणूस चांगला होता, पण तो घरांची वायरिंग करणारा होता, गाडीतली जोडणी हादऱ्याने ढिली होते हे त्याच्या कामात कधी आलंच नव्हतं. दर दोन तीन महिन्यांनी गाडी बंद करून सगळे टर्मिनल पान्याने चाचपून बघा, आणि इंडक्शन पंधरा मिनिटं चालवल्यावर केबलला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून माणूस बोलवा.

बॅटरी कुठली घ्यायची हे प्रत्येक जण विचारतो. साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, उतरवत राहिलं की लवकर मरते. म्हणजे 100 अँपियर अवरच्या बॅटरीतले कामाचे 50 च, त्यावर इंडक्शन वीस मिनिटंसुद्धा धड चालत नाही. कुठलंही उपकरण चालू नसताना आणि चार्जिंगही बंद असताना, थोडा वेळ थांबून मीटर लावला तर 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, हे एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पण ती बरीच खोल उतरवता येते आणि वजनाला हलकी, घेणं जमत असेल तर तीच घ्या. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, लेह स्पितीला जाणाऱ्यांनी बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग थांबवायची सोय आहे का ते आधी विचारून घ्यावं. आणि इंजिनवरून चार्ज करायची असेल तर मधे करंट आवरून धरणारा डीसी टू डीसी चार्जर हवाच, नाहीतर लिथियम बॅटरी भसाभस करंट ओढते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र, तापून जातो.

गॅसचं थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजे आणि गॅसचा अलार्मही खालीच पाहिजे. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत ठेवू नका. सुरक्षा होजवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला, आणि गाडीत हादरे असल्यामुळे प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर साबणाचं पाणी लावून सांधे बघा. गॅस गीझर आत बसवू नका. रात्री एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म ऑनलाईन सहज मिळतो. तो न लावता गाडीत मुलांना झोपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

वजनाकडे तर कोणीच बघत नाही. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. पाण्याची टाकी 150 लिटरची म्हणजे भरली की 150 किलो, त्यात बॅटऱ्या, एसी, फर्निचर, सायकली, माणसं, आजीचे लोणच्याचे डबे. बांधून झाली की टाक्या भरून, सगळं सामान भरून, सगळी माणसं बसवून एकदा हायवेवरच्या वजनकाट्यावर न्या, थोडक्या पैशात काम होतं. जमलं तर पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी असं दोनदा वजन करून घ्या म्हणजे भार कुठे जास्त पडतोय ते कळतं. जास्त भरत असेल तर पाणी अर्धं भरून निघा, पाणी गावोगावी मिळतं.

याच वजनाचा संबंध टायर आणि ब्रेकशी. या गाड्या वर्षाला फार कमी पळतात, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा सात वर्षांपुढे गेलेला, कडेला बारीक भेगा असलेला टायर नक्षी कितीही असो बदला, स्टेपनीसुद्धा. मागे दुहेरी चाकं असतील तर आतल्या टायरची हवा पंक्चरवाल्याला मुद्दाम सांगून बघायला लावा, नाहीतर तो बाहेरच्याचीच बघून मोकळा होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे घाटात ब्रेक तापले की ते उकळू शकतं आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलाच, गाडी पळालेली असो नसो. आणि आंबोली असो की ताम्हिणी, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी ड्रायव्हर मंडळींचा सल्ला या गाड्यांना अगदी तंतोतंत लागू आहे.

कागदपत्रांशिवाय हे सगळं व्यर्थ आहे म्हणून तेही लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. साधी पॅसेंजर व्हॅन घेऊन आत बेड ठोकले आणि आरसीवर मात्र सीट तेवढ्याच, असं असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे, बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे का हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कागदावर बघा, तोंडी नको. आणि पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीपाळखीत भाड्याने देऊ नका, त्यासाठी पिवळी पाटी आणि परमिट लागतं.

शेवटी टॉयलेटच्या टाकीबद्दल आणि एक विनंती. कॅसेट, म्हणजे टॉयलेटची बाहेर काढता येणारी टाकी, भरली की रात्री ओढ्यात, खाडीत, रस्त्याकडेच्या शेतात रिकामी करणारे लोक आहेत, किनाऱ्यावरच्या गावांनी आपल्याला उभं करू देणं बंद केलं तर ते यांच्यामुळे. सार्वजनिक शौचालयात किंवा लॉजवाल्याला विचारून, पैसे देऊन संडासात ओता, दोन बादल्या पाणी घाला आणि जागा स्वच्छ करून निघा. फॉर्मल्डिहाईडवालं निळं लिक्विड वापरू नका, कोकणात घरोघरी सेप्टिक टँक आहेत, त्यातले जिवाणू त्याने मरतात आणि आपण निघून गेल्यावर त्या घरच्यांना त्रास होतो. बायो लिहिलेलं मिळतं, तेच घ्या.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पर्यटन विभागाला आपल्या वर्तमानपत्रातून एवढंच सांगायचंय की मोठे पार्क होतील तेव्हा होऊ देत, तोपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात एक नळ, कॅसेट ओतायला एक झाकणाचं चेंबर आणि चार गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा द्या, त्याचे योग्य ते पैसे घ्या, आम्ही आनंदाने भरू. आणि पुढच्या मे महिन्यात आपल्या पुरवणीत मोटरहोमच्या पावसाळ्याआधीच्या तपासणीवर अर्धं पान द्याल का? लिहायला मी तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
चिंचवड, पुणे