शारीरिक शिक्षणाचा तास कुठे गेला?

महोदय,

माझी मुलगी ऐरोलीतल्या एका शाळेत दहावीत आहे. वेळापत्रकात 'शा. शि.' छापलेलं आहे, पण दिवाळीनंतर त्या तासाला फळ्यावर त्रिकोणमितीच असते. खो-खोचे खांब व्हरांड्यात आडवे पडलेत, मधल्या सुट्टीत मुलं त्यांवर बसून डबा खातात.

पालकसभेत विषय काढला तर एका पालकांनीच मला गप्प केलं : "मॅडम, बोर्डाचं वर्ष आहे." शिक्षकांना तरी काय बोलायचं? पोर्शन संपवायची घाई आपणच लावतो. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा दहावीला श्रेणीचा विषय. मैदानावर पाऊल न ठेवता 'अ' मिळणार, हे मुलांना पक्कं ठाऊक आहे.

सकाळी सातची शाळा, दुपारी क्लास, रात्री उशिरापर्यंत सराव पेपर. मुलीचं डोकं सारखं दुखतं म्हणून डोळे तपासले. नंबर वाढलेला नाही, झोप कमी पडते म्हणाले. शाळेत समुपदेशक येतात, पण त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून. कोण मूल तिथं जाईल? निदान टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सूचनाफलकावर लावा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं.

स्नेहसंमेलनात दहावीने फक्त टाळ्या वाजवायच्या, हेही काही पटत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा लागेपर्यंत आठवड्याचे दोन तास मुलांना मैदानावर सोडा. गणिताचा जादा तास शनिवारी ठेवा, हवं तर जास्तीचा डबा आम्ही देऊ.

– एक पालक, ऐरोली, नवी मुंबई