अप्पांचा मासा

मालवण,
आषाढ, आठ दिवस सूर्य नाही

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष ना पत्र ना फोन, आणि आज एकदम चार पानं. म्हणजे ह्याने काहीतरी करून ठेवलंय हे तू ओळखलंच असशील. ठेवलंय. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, तू मध्येच ओरडला असतास. आई बरी आहे. माझी शुगर आहे तिथेच आहे.

अप्पांचा मासा मी रंगवला.

आता शिव्या घालून झाल्या की पुढचं वाच.

खाडी गढूळ, गरवणं बंद, म्हणून माळ्यावरची पेटी काढली. आत ओल शिरलेली. मस्कतच्या मामाने आणलेला तो अकरा सेंटीमीटरचा रापाला, गळाला आमिष म्हणून लावायचा आपला लाकडी मासा, पोटावर फिनलंड लिहिलेला, त्याच्या पाठीचे पोपडे सुटले होते आणि शेपटीकडे लाकूड उघडं पडलं होतं. बाल्सा तो, पाणी प्यायला की संपला. नखाने दाबलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखा दबला. आणखी एक पावसाळा काढला नसता त्याने. (नवा तसाच मिळतो हे तू मला सांगू नकोस. माझ्याकडे दोन आहेत. पाण्यात चांगले चालतात, पण तुला कळतंय मी काय म्हणतोय ते. घरात कोणाला कळत नाही. ही म्हणाली, खेळण्याला एवढं काय?)

दादूच्या गणपतीच्या शाळेत गेलो. रंगकामाला अजून अवकाश होता, कॉम्प्रेसर मोकळाच. रात्री नऊनंतर ये म्हणाला. हुक काढले, माशाच्या ओठाला चिकटपट्टी लावली, बल्बच्या खोक्यात चार दिवस वाळवला आणि पॉलिशपेपर घेऊन बसलो. इथेच माती खाल्ली. गुळगुळीत होत गेलं तसा हात थांबेना. पाठीवरचे ते दोन खड्डे आठवतात ना, देवबागच्या तांबोशीचे? जिताड्याचं तोंड नुसतं खरखरीत, तो ओरखडे काढतो. सुळे मारते ती तांबोशी. मी ते खड्डे पुट्टीने बुजवले. बुजवताना वाटलं, वा, काय सफाई. घरी येऊन जेवताना घास अडकला.

बाकी ती तांबोशी तुझ्यामुळे गेली हे मी मरेपर्यंत म्हणणार. "ओढ, ओढ" करून माझ्या कानाशी कोण बोंबलत होतं? अप्पा म्हणत होते, दोरी दे तिला. तू म्हणतोस गाठ माझी होती. गाठ माझी होती, पण ती सुटली नाही, दोरी तुटली. आपला लाकडी मासा सकाळी ओहोटीला कांदळीत अडकलेला मिळाला म्हणून अप्पा आपल्याशी बोलले तरी.

तर रंग. पोटाला मोतिया, गणपतीच्या पितांबराला मारतात तोच. कुशीवर चंदेरी, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून हिरवट काळा फवारा मारला, आणि जाळी उचलली तर खवलं न् खवलं उठलेलं. खरा शेवटा मासा वाटावा असा. मी नाचलो रे. डोळे मात्र दादूने काढले. "आखणी दुसऱ्याच्या हातात देणार नाय" म्हणाला. इतका वेळ श्वास रोखून बसला की मला वाटलं आता नमस्कार करायचा की काय.

मग वरून एपॉक्सी. दोन बाटल्यांतलं अर्धं-अर्धं कालवायचं आणि ओघळू नये म्हणून मासा हळूहळू फिरत ठेवायचा. त्यासाठी बंद पडलेल्या मायक्रोवेव्हची ताटलीखालची मोटर लावली होती. पण ही हवा! सकाळी बघतो तर वर पांढुरकी साय, बोट चिकटतंय. पुसून, घासून दुसरा हात दिला. तो वाळला, काचेसारखा.

न्हाणीच्या हौदात सोडला. बाळ्या, पूर्वी तो कसा आडवा पडायचा पाण्यावर, पान पडल्यासारखा! आता शेपूट खाली, तोंड वर, बुडणाऱ्या माणसासारखा. ओढला तर ती थरथर नाही, कमरेतून हलणं नाही. नुसती काठी येते. एका अंगाला पळत असता तर पक्कड घेऊन नाकातली तार उलट्या बाजूला वाकवली असती, अप्पांनी शिकवलंय. याला नाक वाकवून काय होणार? सोनाराकडे नेला. खोक्यावर 6 ग्रॅम लिहिलंय, काट्यावर 8.2 भरला. सोनार म्हणाला, घडणावळ जास्त झाली.

तूच ना ती गोष्ट सांगायचास, लॉरी रापालाने 1936 साली पहिला मासा बुचाचा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला? आणि मग आपण ताईच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्टोव्हवर ठेवल्या. ताई अजून बोलते का त्यावर? म्हणजे चॉकलेटचा कागद चालतो आणि माझा रंग पाप, असं कसं? हे मी रात्री स्वतःला सांगतो. पटत नाही.

दुसरा हात घासून काढायचं ठरवलंय. दोन ग्रॅम उतरले तर कदाचित पोहेल. खड्डे काही परत येणार नाहीत.

तुझी नागपूरला बदली झाली असं कळलं. ऊन सोसतं का? पोरीचा निकाल काय? गुडघ्याचं ऑपरेशन केलंस की अजून तेलच चोळतोयस? वहिनींना नमस्कार. गणपतीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, मागच्यासारखं दारात उभं राहून येऊ नकोस.

आता काम. घासताना गळ्यापाशी लाल निघालं, आणि त्याच्या खाली आणखी एक लाल, जरा गुलाबीकडे झुकणारं. हात तिथेच थांबला. एकदम ओटा दिसला, अप्पा चष्मा कपाळावर सारून काकूंच्या नेलपॉलिशने माशाचा गळा रंगवतायत, आणि काकू आतून "माझी बाटली कुठाय" म्हणून विचारतायत. तेवढा तांदळाएवढा ठिपका मी वाचवलाय, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीय. काकूंना विचार, कुठली नेलपॉलिश होती ती, कुठला रंग. अजून मिळत असली तर एक बाटली घेऊन ये.

का हवी ते मात्र सांगू नकोस. मासा पोहायला लागला की मीच सांगेन.

तुझा,
नंद्या