माणशी 20 लिटर: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

टंचाईत टँकरने माणशी रोज 20 लिटर पाणी, हा सरकारचाच जुना निकष. जलजीवन मिशनच्या नळाचा आकडा 55 लिटर. हे आकडे वाढवून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पाणी ठरते माणशी आणि सोडले जाते गावाच्या विहिरीत. तिथून पुढे ते कोणाच्या घरी गेले, याला कोणीच बांधील नाही. आमची हरकत तिथे आहे.

हिशेब बघा. लोकसंख्या 1,500, म्हणजे 30,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. भरण्याच्या ठिकाणी वीज गेली की दोनच होतात. जीपीएसची नोंद लॉगबुकशी कोणी ताडून पाहिली नाही, तर कागदावर तीनही लागू शकतात. टँकरचा पाइप विहिरीत सोडला की पाणी गाळावर पसरते, काही खडकाच्या भेगांत जिरते. लगेच चहूबाजूंनी पोहरे पडतात, तळ ढवळतो. टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनच्या भुकटीचे, 1,000 लिटरला 5 ग्रॅम हे माप स्वच्छ पाण्याचे आहे. गढूळ पाण्यात गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. ज्या घरात ओढणारे चार हात, त्या घरात दहा घागरी. एकटी म्हातारी उशिरा पोचली तर तिच्या पोहऱ्यात चिखल येतो. दप्तरी मात्र तिचे 20 लिटर पोचलेले असतात.

लोकसंख्येतही गोम आहे. 2011 ची जनगणना फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडणीच्या हंगामात, बीड-धाराशिवकडचे मजूर साखर कारखान्यांवर असताना. टँकरची खरी गरज एप्रिल-मेमध्ये, कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, गावी परतल्यावर. त्या जुन्या आकड्यावर खेपा ठरल्या, तर पाणी निम्म्या गावाचे आणि तोंडे पूर्ण गावाची.

राज्यघटनेच्या 41व्या कलमात कामाचा आणि सार्वजनिक साहाय्याचा हक्क राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत सांगितला आहे. ही मर्यादा आम्हाला मान्य आहे. पण मर्यादेत बसवून जे एकदा कबूल केले, ते तरी माणसाच्या हातात पडले पाहिजे. याच महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळानंतर, 1977 साली, रोजगार हमीचा कायदा करून दाखवला: काम मागितले की 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मागणारा ठरलेला, मुदत ठरलेली, चुकले तर भरपाई ठरलेली. पाण्याला हेच हवे.

टँकर विहिरीत रिकामा करणे बंद करा. ओट्यावर 5,000 लिटरच्या दोन टाक्या, प्रत्येकीला चार तोट्या. वाडी-तांड्याला वेगळी टाकी. पावडर टाकीतच टाकावी आणि अर्ध्या तासाने तोट्या उघडाव्यात. प्रत्येक घराला कार्ड: पाच माणसे, 100 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या जेमतेम सात घागरी. पाणी न मिळाल्याची लेखी तक्रार ग्रामपंचायतीत, त्याच दिवशीची पोच, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील. त्या कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. तो टँकरच्या पाण्यालाही लागू असावा.

आता सरकारची जबाबदारी कुठे थांबते, तेही सांगतो. प्रत्येक मोसंबीच्या बागेला आणि उसाच्या फडाला पाणी सरकार देणे लागत नाही. मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. पाणी बहुतेक वरच्या मुरमाड थरात, खाली फक्त भेगांत. 500 फुटांच्या बोअरने ते नवे तयार होत नाही, शेजारच्या विहिरीचे ओढले जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून, म्हणजे गावाच्या विहिरी-बोअरपासून, 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही, असा नियम 1993 पासून आहे. शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना भूजल कायद्याने बंदी आहे. हे नियम गावात कोणी सांगत नाही, कारण सांगितले की मते दुखावतात. तरी ते पाळून घ्यावेच लागतील. म्हातारीच्या 20 लिटरचा हक्क मान्य केला, की शेजाऱ्याच्या बोअरच्या गाडीला कोणीतरी नाही म्हणायला हवे, आणि ते सरकारच म्हणू शकते. बाग जळाली त्याची भरपाई हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. तो पिण्याच्या पाण्यात मिसळू नये.

टाक्यांचा आणि ओट्यांचा खर्च जानेवारी ते मार्चच्या टंचाई आराखड्यात धरा. एप्रिलमध्ये मंजुरी आली तर ओटे पावसाळ्यात बांधून होतात.

आपले,
पाणीपुरवठ्याच्या कामातले काही जण, मराठवाडा