स्नॅपशॉट घेण्याची मुभा आहे, तर पुसण्याचीही हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील आणि छोट्या कार्यालयांतील जुने पण धडधाकट संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसवावे, असे म्हणणाऱ्यांपैकी मीही एक आहे. मात्र डिस्कवर कोणती फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, ठेवायची आणि तिच्यातले कोणते अधिकार सामान्य वापरकर्त्याच्या हाती द्यायचे, याचा विचार बहुधा कोणी करत नाही. इन्स्टॉलर जे सुचवील ते मान्य करून आपण पुढे जातो. त्यातून निर्माण होणाऱ्या एका अडचणीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फेडोरा या लिनक्स प्रणालीने ऑक्टोबर २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम मूळ निवड म्हणून स्वीकारली. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने मूळ प्रणालीच्या भागासाठी ती २०१४ सालीच, १३.२ या आवृत्तीत, घेतली होती. तिचे वैशिष्ट्य असे की एकाच विभाजनात सबव्हॉल्यूम नावाचे स्वतंत्र भाग करता येतात आणि अशा कोणत्याही भागाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीचे चित्र, क्षणार्धात घेता येतो. स्नॅपशॉट घेताना माहितीची नक्कल होत नाही. मूळ भाग आणि स्नॅपशॉट आधी डिस्कवरचे तेच ब्लॉक, म्हणजे साठवणीचे तुकडे, वापरतात, आणि पुढे मूळ फाइल बदलली की बदललेला मजकूर नव्या जागी लिहिला जातो. त्यामुळे प्रबंधाचे प्रकरण चुकून पुसले गेलेल्या विद्यार्थ्याला किंवा हिशेबाची फाइल बिघडलेल्या कारकुनाला सकाळची प्रत जागच्या जागी मिळू शकते. डिस्कच निकामी झाली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात, म्हणून वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप लागतोच. परंतु रोजच्या हातचुकीवर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता अधिकारांकडे येतो. लिनक्सवरील बीटीआरएफएसमध्ये सामान्य वापरकर्ता, रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी व्यवस्थापक खात्याचा, पासवर्ड नसतानाही, स्वतःच्या फोल्डरात नवा सबव्हॉल्यूम तयार करू शकतो आणि आपल्या मालकीच्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेऊ शकतो. दुसऱ्याच्या मालकीच्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेऊ पाहिला तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नकार देतो, आणि ते योग्यच आहे. मात्र स्वतः घेतलेला स्नॅपशॉट पुसण्याची आज्ञा दिली की तोच कर्नल त्याच माणसाला परवानगी नाकारतो. इथेच घोडे पेंड खाते. जागा अडवण्याचा अधिकार सर्वांना आहे आणि ती मोकळी करण्याचा फक्त व्यवस्थापकाला, अशी ही वाटणी आहे. परिणामी डिस्क भरत जाते, विद्यार्थी मोठमोठ्या फाइली पुसतो, तरी स्नॅपशॉटने ते ब्लॉक धरून ठेवलेले असल्यामुळे एक मेगाबाइटही सुटत नाही, आणि आपण पुसले ते गेले कुठे हे त्याला कळत नाही.

हा निर्बंध कोणी अडमुठेपणाने घातलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. साधे फोल्डर पुसताना आतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी तपासली जाते. आत दुसऱ्याच्या मालकीचे, काहीतरी साठवलेले फोल्डर असेल, तर पुसण्याचे काम तिथे अडते. सबव्हॉल्यूम पुसताना मात्र तो सबंधच काढला जातो, आत कोणाचे काय आहे हे पाहिले जात नाही. चार जणांनी मिळून वापरायच्या सबव्हॉल्यूममध्ये एकाला पुसण्याची मुभा दिली, तर उरलेल्या तिघांचे काम तो एका आज्ञेत घालवू शकतो. म्हणूनच ही मुभा मुळात बंद ठेवलेली आहे आणि व्यवस्थापकाला ती ‘यूजर_सबव्हॉल_आरएम_अलाउड’ हा माउंटचा, म्हणजे फाइल सिस्टीम प्रणालीला जोडतानाचा, पर्याय देऊन मुद्दाम उघडावी लागते. हा पर्याय संपूर्ण फाइल सिस्टीमला एकदम लागू होतो. एका सबव्हॉल्यूमपुरता किंवा एका वापरकर्त्यापुरता तो देता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

तरीही, ज्या सबव्हॉल्यूममध्ये सर्व काही एकाच व्यक्तीचे आहे, तिथे हा निर्बंध नेमके कशाचे रक्षण करतो? ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या कर्नल ४.१८ पासून रिकामा सबव्हॉल्यूम साध्या फोल्डरप्रमाणे सामान्य वापरकर्त्यालाही काढता येतो. म्हणजे ज्याला आपला स्नॅपशॉट घालवायचाच आहे तो त्याची ‘फक्त वाचनासाठी’ ही खूण काढू शकतो, आतल्या फाइली एकेक करून पुसू शकतो आणि शेवटी रिकामे कवच काढून टाकू शकतो. मनाई केलेली गोष्ट अशी आडवाटेने शक्य आहेच. फक्त त्या वाटेने लाखभर फाइलींचा स्नॅपशॉट पुसायला बराच वेळ लागतो. शिवाय पुसण्याच्या प्रत्येक पावलावर सामाईक नोंदींच्या नव्या प्रती लिहाव्या लागतात, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर पुसण्यासाठीच जागा नाही असा संदेश येऊ शकतो. ज्या निर्बंधाने माहिती वाचत नाही आणि काम मात्र लांबते, तो निदान प्रत्येकाच्या होम, म्हणजे स्वतःच्या, फोल्डरपुरता तरी कायम ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

व्यवस्थापक म्हणून माझी खरी काळजी वेगळी आहे, ती कोट्याची, म्हणजे प्रत्येकाला किती जागा वापरू द्यायची या मर्यादेची. वापरकर्त्याच्या होम सबव्हॉल्यूमवर वीस गिगाबाइटची मर्यादा घातली आणि त्याने आतच नवा सबव्हॉल्यूम केला, तर जुन्या कोटापद्धतीत त्या नव्या भागाचा हिशेब वेगळा धरला जातो आणि मर्यादा आपोआप त्याला लागत नाही. हे फटीतून निसटणेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या कर्नल ६.७ मध्ये साधी कोटापद्धत म्हणून जी सोय आली, तिच्यात होम सबव्हॉल्यूम एखाद्या वरच्या गटात घालून मर्यादा त्या गटावर ठेवली, तर आत तयार होणारा सबव्हॉल्यूम आपोआप त्याच गटात जातो. मुळात कंटेनरसाठी (एकाच संगणकावर वेगळे ठेवून चालवलेल्या प्रोग्रामांसाठी) झालेली ही सुधारणा शाळा-महाविद्यालयांच्या फार उपयोगाची आहे, आणि ती नसताना पुसण्याची मुभा उघडली तरी अर्धेच काम होते.

दुसरी काळजी बॅकअपची. होम सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेताना त्याच्या आत असलेले सबव्हॉल्यूम त्यात येत नाहीत. त्यांच्या जागी रिकामी फोल्डरे दिसतात. विद्यार्थ्याने हौसेने ‘प्रकल्प’ नावाचा सबव्हॉल्यूम केला आणि रात्रीचा बॅकअप होमच्या स्नॅपशॉटवरून निघत असेल, तर त्याचा प्रकल्प बॅकअपमध्ये नाही, आणि ही गोष्ट अशा दिवशी उघड होते जेव्हा काही उपाय उरलेला नसतो. वापरकर्त्याला अधिकार देताना त्याला हे स्पष्ट सांगणे हे आम्हा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांचे काम आहे. माहितीपत्रकात त्यासाठी दोन ओळी पुरतील.

झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये हा प्रश्न अधिक विचारपूर्वक हाताळलेला आहे. तिथे व्यवस्थापक ‘झेडएफएस अलाउ’ या आज्ञेने एका वापरकर्त्याला, एका डेटासेटपुरते (सबव्हॉल्यूमसारख्या भागापुरते), स्नॅपशॉट घेणे, पुसणे, मागे फिरवणे असे अधिकार वेगवेगळे देऊ शकतो, आणि डेटासेटचा कोटा खालचे डेटासेट व स्नॅपशॉट धरूनच मोजला जातो. लिनक्सवर माउंट करण्याचे काम रूटकडेच राहत असल्यामुळे ही सोय तिथे पुरी वापरता येत नाही, पण अधिकार कसे वाटावेत याचा नमुना म्हणून ती पाहण्याजोगी आहे. बीटीआरएफएसच्या विकासकांनी माउंटच्या सरसकट पर्यायाऐवजी सबव्हॉल्यूमनिहाय परवानगी आणावी, असे मला वाटते.

तोपर्यंत हातात असलेले साधन म्हणजे ओपनसुसेमध्ये तयार झालेले स्नॅपर. प्रत्येक वापरकर्त्याचे होम स्वतंत्र सबव्हॉल्यूमवर ठेवायचे, त्यासाठी स्नॅपरची वेगळी मांडणी (कॉन्फिगरेशन) करायची आणि तिच्यातल्या परवानगीच्या ओळीत त्या वापरकर्त्याचे नाव लिहायचे. मग स्नॅपशॉट घेणे, त्यांची यादी पाहणे आणि पुसणे ही तिन्ही कामे तो रूटचा पासवर्ड न मागता करू शकतो, कारण प्रत्यक्ष काम रूटच्या अधिकाराने चालणारी सेवा करते आणि ती त्या मांडणीबाहेर जात नाही. किती जुने स्नॅपशॉट ठेवायचे हेही तिथेच ठरवता येते. डेबियन आणि फेडोरा या दोन्ही लिनक्स प्रणालींवर स्नॅपर मिळते.

माझी विनंती संगणक खरेदीच्या आणि देखभालीच्या निविदा लिहिणाऱ्या संस्थाचालकांना आहे, तशीच पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेलाही आहे, कारण डेबियनवर आधारलेली बॉस ही लिनक्स प्रणाली तिचीच आहे. बीटीआरएफएस वापरायची असेल तर होमसाठी स्वतंत्र सबव्हॉल्यूम, त्याच्या आतल्या भागांनाही लागू पडणारा कोटा, आणि वापरकर्त्याला आपले स्नॅपशॉट पाहण्याची व पुसण्याची मुभा, या अटी देखभालीच्या करारातच लिहाव्यात. यांपैकी एकही अट पाळणे शक्य नसेल, तर ईएक्सटी४ ही साधी फाइल सिस्टीम ठेवून रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. प्रयोगशाळेचे त्यात काही बिघडणार नाही.

आपला,
एका महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेचा व्यवस्थापक,
सांगली