बाबांची वही आणि आईची भिशी

हनुमाननगर, नागपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा, ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबा अर्ध्यातच म्हणाले असते, "कोणाला विचारून?" आणि पुढचं राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुमची लेथवरच्या कामाची निळ्या पुठ्ठ्याची वही मी मागच्या गल्लीतल्या पोट्ट्याला दिली. न विचारता. जूनपासून ती त्याच्याकडेच आहे.

आईला तो माहीत आहे. आपल्या बोअरवर पाणी भरायला यायचा, तोच. श्रद्धानंदपेठेच्या आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणारा कारागीर, झाला. २०२४ मध्ये सरकारची ती युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली ना, तिच्यात महिना ८,००० रुपयांवर एका कार्यालयात लागला. सहा महिने झेरॉक्स काढल्या. टर्नरला झेरॉक्स मशीनवर कोणी बसवलं, देव जाणे! पैसे वेळेवर आले, पण शिकवलं कोणी काही नाही. बाहेर पडला तर बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर हातात धरताना बिचकायला लागलेला.

तो आपल्या ओट्यावर बसून सांगत होता आणि मला तुमचे उस्ताद आठवले. आटे पाडायचे असले की तुमच्याकडे पाठ करून उभे राहायचे, म्हणजे कोणतं चक्र कुठे लावलं ते तुम्हाला दिसू नये. तुम्ही डब्याच्या सुट्टीत एका दात्यावर खडूची खूण करून चक्राचे दाते मोजले. १२७. असा विचित्र आकडा कशाला, हे कळायला तुम्हाला वर्ष गेलं. वहीच्या पहिल्याच पानावर आहे ते, खाली दोन रेघा मारून: "२५.४ × ५ = १२७. इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे याच चक्राने." (आई, लीड स्क्रू म्हणजे लेथचं टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू.) एक वर्ष! कोणी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, चक्रं बदलावी लागत नाहीत, मशीनला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सांगितला की आटे पडतात. त्यामुळे वहीतली अर्धी कोष्टकं त्या पोट्ट्याच्या उपयोगाची नाहीत, हे मान्य. कामाला आलं ते तुम्ही कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं. "बीड कोरडंच कापायचं." "पितळेला टूलची धार सपाट, नाहीतर आत ओढतं." "आवाज बदलला की आधी टूल बघ, मग जॉब." आणि तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन वेगवेगळ्या पेनांनी: "मोजण्याआधी शून्य बघ."

कंपनीतल्या अप्रेंटिसच्या मुलाखतीचं त्याने मला नक्कल करून दाखवलं. सुपरवायझरने एक पिन आणि मायक्रोमीटर पुढे सरकवला, म्हणाला माप सांग. याच्या आधीच्या दोघांनी लगेच पिन धरून आकडा सांगितला. याने खिशातून कागदाचा कपटा काढला, जबड्यात हलकेच धरून ओढून घेतला, मग रॅचेटने मायक्रोमीटर बंद केला आणि बघितलं. म्हणाला, "साहेब, हा तीस मायक्रॉन जास्त दाखवतोय. वजा करून सांगू, की आधी झीरो लावून देऊ?" साहेबाने विचारलं, कागदाचं कुठे शिकलास? तर हा म्हणतो, "आमच्या काकांच्या वहीत आहे." बाबा, तुम्ही काका झालात.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे बाबा रागावणार. त्या कंपनीत अप्रेंटिस घेणार आहेत हे त्याला कळलं आईमुळे.

मी माझ्या परीने हिंगण्याच्या कारखान्यांत विचारलं होतं. पण मला ज्या चार कंपन्या माहीत, त्या त्यालाही माहीत होत्या. आईला सहज बोलले, तर ती म्हणाली, "काहून घोर करतेस, थांब जरा." काटोलहून दोन फोन. भिशीतल्या एका काकूंच्या विहीणबाईंचा भाचा बुटीबोरीत. वर्षातून एकदा, हळदीकुंकवाला दिसणारी माणसं ही! संध्याकाळपर्यंत गेट कोणतं, भरती कधी, कागद कोणते, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतं का ते आधी बघ, इतकं सगळं आलं.

आई, तुझ्या भिशीवर मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९७३ मध्येच निबंध लिहून ठेवला आहे. बॉस्टनजवळच्या एका गावातल्या नोकरदारांना त्याने विचारलं. ज्यांना ओळखीतून काम मिळालं, त्यांच्यापैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी आठवड्यातून दोनदा तरी भेट होत होती. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. घरातल्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं, नवी खबर लांबून येते. तू हे काही न वाचता हेच करत आलीस आणि आम्ही तुला म्हणायचो, किती वेळ फोनवर!

बाबा, तुम्ही "वशिला" म्हणाल. मी त्यावर दोन रात्री विचार केला. वशिला असता तर मायक्रोमीटर पुढे आलाच नसता. आईने त्याला दार कुठे आहे ते सांगितलं, आत तो स्वतःच्या हातांनी गेला. ज्यांच्या घरात कोणी कधी कंपनीत गेलं नाही, त्यांना दारच दिसत नाही. तुमचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आठवा. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात आणि कॉल एकदाही आला नाही.

नोकरी पक्की नाही, हेही सांगते. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहे, पुढे परीक्षा, मग ठेवून घेतील किंवा नाही. सध्या मेट्रोने खापरीपर्यंत जातो, तिथून कंपनीच्या बसने.

अजून एक कबुली. त्याने वहीचे फोटो काढून आयटीआयच्या पोरांना पाठवले, सगळ्या पानांचे. शेवटच्या पानांवर घरचा हिशोब होता. "ताईची डिप्लोमा फी – हिच्या भिशीतून, परत करणे." खाली खूण नाही. आई, ते पैसे परत मिळाले का गं? मला हे माहीतच नव्हतं.

आता रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर पाच-सहा जण येतात. मी क्वालिटी तपासणीतली, मापं सांगू शकते, मशीनचं पुढे अडतं. आंबिया बहाराची संत्री उतरली की इकडे या. तोवर एकाच गोष्टीचं उत्तर फोनवर द्या, पोट्टे हसून हसून विचारून राहिले आहेत. पान ३१ वर तुम्ही लिहिलंय, "तांब्याला दूध." हे खरंच कापताना ओतायचं का? आणि आई, घरातलं दूध कमी भरायचं त्याचा दोष तू मांजरीला द्यायचीस, ते हेच का?

तुमची,
ताई