अर्ध्या किलोच्या चकत्या करून देणाऱ्या लेथवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी "कसाले?" असंच विचाराल. तर सांगते. तुम्ही करून दिलेल्या चकत्यांचे आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही जा, डबल बारवर, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर हात टेकून, अंग खालीवर करत डिप्स मारणारी मंडळी पुष्कळ भेटतील. त्यांतल्या बऱ्याच जणांचं घोडं माझ्यासारखंच एका जागी अडलेलं असणार.

माझं वजन 54 किलो. डिप्स मारताना जवळजवळ सगळं अंग हातांवर उचलावं लागतं, म्हणजे कंबरेला काही न बांधताही पन्नासच्या वर किलो उचललेलेच असतात. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट पाच किलोची. ती लावली की मला एकदम नऊ टक्क्यांहून जास्त ओझं वाढतं. नव्वद किलोच्या पोराला तीच प्लेट साडेपाच टक्के पडते. त्याला ही पायरी असते, मला भिंत. "लाव गं पाच, होऊन जाईल," असं तिथे सगळेच म्हणायचे. होत होतंही, पण अर्ध्यातूनच वर यायचं. दंड जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचं, तिथे क्षणभर थांबायचं, खांदे कानाकडे चढू न देता वर यायचं आणि कोपर पूर्ण सरळ करायचं, याला मी एक डिप म्हणते. वीस किलो लटकवून चार बोटं खालीवर करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, तो त्यांनी आपापल्या वहीत लिहावा.

तुमच्याकडे येण्याआधी बाकीचे उपाय करून झाले होते. दालमिलच्या ऑफिसात कामाला असल्यामुळे तूरडाळीच्या किलोकिलोच्या पुड्या सॅकमध्ये भरायची कल्पना आपसूक सुचली. मापाला अगदी चोख, पण डिप्समध्ये छाती जरा पुढे झुकते, तशी सॅक मानेवर सरकते आणि पट्टे नेमके खांद्यांना काचतात. पायांत डंबेल धरलं तर हाताआधी मांड्याच थकतात. वजनाचं जॅकेट मिळतं, पण जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना छातीवर वाळूची बंडी कोण चढवणार? सगळ्यात बरी कंबरपट्ट्याची साखळी. वजन सरळ खाली लोंबतं, खांदे मोकळे राहतात. पट्टा ट्रॅक्टरच्या सीट शिवणाऱ्या कुशनवाल्याने शिवून दिला होता, सहा मिलिमीटरची साखळी हार्डवेअरमधून आणली होती. अडलं होतं ते फक्त लहान वजनापाशी.

मिलचा झिजलेला शाफ्ट घेऊन आमचे मिस्त्री तुमच्याकडे निघाले, तेव्हा मीही सोबत आले. अर्ध्या किलोची चकती हवी म्हटल्यावर तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत ते एवढंच, की पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झालं तर चालेल का. मुलीच्या जातीला हे कशाला, असलं काहीही नाही. मी म्हटलं, चालेल. मग खडूने शटरवर गणित मांडलंत. शंभर मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) शाफ्ट, मधे पंचवीसचं भोक, तर एका मिलिमीटर जाडीला साधारण 58 ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोला साडेआठ मिलिमीटरच्या किंचित वर, किलोला त्याच्या दुप्पट. इतकी वर्षं मिलची बिलं बघतेय, पण लोखंड असं मिलिमीटरने तोलता येतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पहिली चकती शेजारच्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, तर आकडा आला 506. मी म्हटलं, काका, राहू द्या. तुम्ही ती परत चकमध्ये, लेथच्या पकडीत, आवळलीत, टूल अगदी केसभर पुढे घेतलंत आणि एक फेस मारलात, म्हणजे वरचा पापुद्रा काढलात. कागदासारखी पातळ, निळसर चुरी गुंडाळत खाली पडली. पुन्हा काटा: 500. मग कानशीने दोन्ही कडांची धार मोडलीत, भोकाचीही, "मांडीले लागाले नको" म्हणत. त्या धारेचा विचार मी केलाच नव्हता. वजन दोन्ही मांड्यांच्या मधे लोंबतं, झोका बसला की आधी मांडीच सोलवटते.

असे पाच नग झाले: दोन अर्ध्या किलोचे, दोन किलोचे, एक दोन किलोचा (त्याला चकती म्हणवत नाही, ठोकळाच आहे). सगळे मिळून पाच किलो, म्हणजे शून्यापासून पाचपर्यंत अर्ध्या अर्ध्या किलोने चढता येतं आणि पुढे जिमची प्लेट लावून पुन्हा तेच. पैसे तुम्ही रीतसर घेतलेत, मालाचे वेगळे, मजुरीचे वेगळे. बिलावर शाफ्टखाली "व्यायाम चकती, 5 नग" लिहिलंत. फुकट दिल्या असत्या तर पुन्हा यायला मी अवघडले असते.

आता माझी रीत अशी. पाच-पाच डिप्सचे तीन सेट पूर्ण खोलीने झाले, तर पुढच्या वेळी अर्धा किलो वाढवायचं. एकही डिप उथळ झाली, तर त्याच वजनावर थांबायचं. मधे दोन दिवस तरी हात त्या बारला लावायचा नाही. स्नायू लवकर तयार होतात, पण कोपराच्या आणि खांद्याच्या कंडरांना वेळ लागतो. पाच किलोच्या उडीने छातीच्या मधल्या हाडाशी जे टोचायचं, ते अर्ध्या किलोने टोचत नाही. सध्या साडेबारा किलोवर आहे: जिमच्या पाचच्या दोन प्लेटा, तुमचा ठोकळा आणि तुमची एक अर्धी.

जिममधल्या काहींना अजून याचं हसू येतं. अर्ध्या किलोने काय फरक पडतो, म्हणतात. ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्येही पूर्वी एका उचलीनंतर किमान अडीच किलो वाढवावे लागायचे, 2005 पासून तिथे एकेक किलो वाढवता येतो. आणि 2024 मध्ये पॅरिसला मीराबाई चानूचे एकूण 199 किलो झाले, ब्राँझवाली 200 वर होती. तिला विचारा किलोची किंमत. तुम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही लेथ बंद न करता मान हलवलीत आणि म्हणालात, "आमचं तर केसभर फरकानं बेअरिंग बसत नाही."

आता कामाचं. आमच्या जिममधल्या दोघी जणी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील, त्यांनाही असाच सेट हवा आहे. त्यांची साखळी आठ मिलिमीटरची आहे, ती पंचवीसच्या भोकातून जाणार नाही. भोक मोठं घ्या, म्हणजे जाडीचं गणितही पुन्हा मांडावं लागेल. त्यांतली एक जेमतेम 46 किलोची आहे, तिच्यासाठी पाव किलोच्या दोन जास्तीच्या काढा. आणि 506 भरली तर ती "राहू द्या" म्हणेल, तिचं ऐकू नका.

तुमची,
दालमिलवाली